इस्राएलचे तारण म्हणजे कोणाचे?

मूळ वचन : रोमकरांस पत्र 11:26. पौल तिथे सगळ्या इस्राएलच्या तारणाची ग्वाही देतो.

आयर्लंडमधली चर्चा : लेडी थिओडोसिया पॉवर्सकोर्ट यांनी 1831 पासून विकलो परगण्यात भविष्यवाणीच्या अभ्यासासाठी परिषदा भरवल्या.

डार्बींचे मत : विकलोतच पाळक राहिलेले जॉन नेल्सन डार्बी सांगत, इस्राएल वेगळे, मंडळी वेगळी, यहुदी राष्ट्राला दिलेली वचने अक्षरशः पुरी होतील.

धर्मसुधारक कॅल्विन यांचे मत : सगळे इस्राएल म्हणजे यहुदी आणि विदेशी मिळून देवाची अवघी प्रजा.

पुढे : 1909 च्या टिपांसह छापलेल्या स्कोफील्ड बायबलमुळे डार्बींची मांडणी अमेरिकेत दूरवर पोहोचली.

लक्षात ठेवा : याच अध्यायात पौल विदेशी विश्वासणाऱ्यांना बजावतो, मूळ फांद्यांपुढे, म्हणजे यहुद्यांपुढे, तोरा मिरवू नका. अर्थ कोणताही लावा, ही ताकीद दोन्ही पक्षांना लागू आहे.