पोकळ भिंतीचा आवाज

आमच्या बीडच्या घरी १९९५ सालच्या दिवाळीत भिंत पडली. पडली म्हणजे आपण होऊन पडली नाही; आमच्या दहा वर्षांच्या पुतण्याने ती फोडली. आणि फोडताना आपण काही गैर करीत आहोत, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवली नव्हती. त्या काळात ज्यांच्या घरी त्या वयाचे मूल होते, त्यांना कारण सांगायला नकोच. आमच्या घरी मारिओ आला होता.

हा मारिओ म्हणजे भरघोस मिशांचा, नळ दुरुस्त करणारा एक बुटका गृहस्थ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ काढला. तो आमच्या माळवदाखाली पोचायला दहा वर्षे लागली आणि पोचला तोही एका नकली यंत्रातून. थोरल्या बंधूंनी ते तेव्हाच्या औरंगाबादहून आणले होते. कॅसेटवर ९,९९,९९९ खेळ असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात मोजून पाच-सहा, बाकी तेच ते, नाव बदलून. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, आणि फुंकर मारूनही चालेना, तर वीज गेली असे समजायचे.

खेळ तसा सरळ. डावीकडून उजवीकडे पळायचे, खड्डे ओलांडायचे, अंगावर येणाऱ्यांच्या डोक्यावर उडी मारायची. असे बत्तीस टप्पे. पण मुलांना वेड लावले ते डोक्यावरच्या विटांनी. मारिओ लहान असताना विटेला टक्कर देतो, वीट नुसती हलते. अळंबी खाऊन तो मोठा झाला की तीच वीट ठिकऱ्या होऊन उडते. एखाद्या विटेतून नाण्यांमागून नाणी निघतात. एकीतून तर वेल निघतो आणि थेट ढगांत नेतो! दुसऱ्या टप्प्याच्या तळघरात तर कमालच आहे. शेवटी छतावर चढून बाहेरच्या वाटेला वळसा घालून पुढे गेले, की एक गुप्त दालन लागते आणि तेथील नळातून एकदम चौथ्या दुनियेत उतरता येते. विटेवर कुठे खूण नाही, पाटी नाही. शेजारच्या मुलाने कानात सांगितले तरच कळायचे.

हा खेळ रचणारे शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावी कंदील घेऊन गुहेत शिरत, असे सांगतात. ते खरे मानायला माझी हरकत नाही. पुढे ही भिंती फोडण्याची कल्पना सगळ्यांनीच उचलली. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त चाबकाने भिंत फोडली की आतून चक्क भाजलेले मांस निघे, आणि नायक ते बिनदिक्कत खाई! किती वर्षांचे होते, देव जाणे. १९९१ साली निघालेल्या ‘झेल्डा’मध्ये तलवारीचे टोक भिंतीवर टोचले, की पोकळ भिंतीचा आवाज वेगळा येई. त्याआधी, १९८० च्या सुमारास, अटारी कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात वॉरन रॉबिनेट नावाच्या रचनाकाराने एक खोली गुपचूप दडवली आणि तिच्यात काय ठेवले? स्वतःचे नाव. कंपनी रचनाकारांची नावे छापत नसे ना!

पुतण्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला फक्त मारिओ ठाऊक. पाडव्याच्या दुपारी वीज गेली, आणि हा वरवंटा घेऊन घरभर भिंती ठोकत फिरू लागला.

“काय ठोकायलास रे भिताडाला?” आई माजघरातून ओरडली.

“आजी, इथं पोकळ वाजतंय!”

आमचे घर जुने, भिंती दोन-अडीच हात रुंद. अशा भिंतींच्या पोटात मराठवाड्यात बळद असते. वरून धान्य ओतायचे, खालच्या तोंडातून काढायचे. एरवी तोंड शेणामातीने लिंपलेले. पाहुण्याला ती साधी भिंतच वाटते. आमच्या घरी बळद आहे, हे मला माहीतच नव्हते. थोरल्या बंधूंनाही नाही. आई येईपर्यंत माती खाली आली होती.

आत अंधार, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा चुरा, आणि एक पुरचुंडी. पुतण्याने ती सोडली. मूठभर ज्वारी, किडीने खाऊन पार पीठ झालेली.

“एकही नाणं नाही?” तो म्हणाला.

आई खाली बसली. १९७२ च्या दुष्काळात, ती सांगू लागली, घरात मिलोच्या भाकरी होत्या, कामावर सुकडी मिळायची. नाना म्हणाले, बियाण्याची ज्वारी काढ, पोरं उपाशी आहेत. आईने ज्वारी संपल्याचे सांगितले. रात्री ती या बळदात ओतली आणि पहाटेपर्यंत तोंड लिंपून टाकले. पुढल्या साली पाऊस झाला तेव्हा काढली आणि पेरली. बळद अगदी रिकामे ठेवू नये म्हणून मूठभर मागे ठेवली.

“आणि नाना?” मी विचारले. आम्ही दोघे भाऊ तेव्हा उपाशी पोरांतच होतो.

“पेरणीच्या दिवशी कळलं त्यांना. आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.” मग पुतण्याकडे वळून म्हणाली, “आम्हीबी फोडत होतो रे, बाबा. दिवसभर खडी. आतून काही निघायचं नाही.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने तिला विटांचे सगळे शास्त्र समजावून दिले. तिने नीट ऐकून घेतले.

“बारक्याच्यानं फुटत नाही म्हणतोस?”

“नाही फुटत.”

“मग तुझ्यानं कशी फुटली?”

दुसऱ्या दिवशी माती कालवून तोंड पुन्हा लिंपले. आईने नव्या ज्वारीची पुरचुंडी आत ठेवली. तिच्यामागून पुतण्यानेही हात आत घालून काहीतरी ठेवले. काय, ते त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही.