बेरीज एक : ड्यूटेरॉनचे तरंगफलन कसे वाचावे

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर वारंवार भेटते. विद्यार्थी तरंगफलनाचा वर्ग घेतो, त्याचे समाकलन करून ते एकाबरोबर मांडतो, स्थिरांक काढतो, त्याभोवती चौकट आखतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. गणित बिनचूक असते. गुणही पूर्ण द्यावे लागतात. परंतु जेथे भौतिकी सुरू व्हावयाची, नेमकी तेथेच लेखणी थांबलेली असते. या क्रियेला प्रसामान्यीकरण असे भारदस्त नाव आहे. तिचा खरा अर्थ एका लहानशा अणुकेंद्राच्या उदाहरणाने पाहू.

तरंगफलन हे स्वतः संभाव्यता नव्हे. त्याचा वर्ग ही संभाव्यतेची घनता होय. हा अर्थ माक्स बॉर्न यांनी १९२६ साली लावला. मूळ मजकुरात त्यांनी वर्गाचा उल्लेख केलाच नव्हता. मुद्रिते तपासताना जोडलेल्या तळटीपेत तो आला. १९५४ सालच्या नोबेल पारितोषिकामागे मुख्यतः हाच अर्थ होता. (मुद्रितशोधनाला कंटाळणाऱ्यांनी ही तळटीप ध्यानात ठेवावी.) कण कोठेतरी सापडणारच, म्हणून साऱ्या अवकाशातील संभाव्यतेची बेरीज एक झाली पाहिजे. प्रसामान्यीकरणाची अट एवढीच.

आता उदाहरण. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरॉन बनतो. समुद्राच्या पाण्यातील सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एकाच्या केंद्रात तो असतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथे तयार होणारे जड पाणी याच हायड्रोजनचे. ड्यूटेरॉन फोडण्यास २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. मध्यम वजनाच्या केंद्रांत प्रत्येक कणामागे सुमारे ८ दशलक्ष लागतात. त्या मानाने ही जोडी फारच सैल बांधलेली आहे. चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी १९३४ साली गॅमा किरणांनी ती फोडून दाखविली.

दोन कणांमधील बल आपण एका खड्ड्यासारखे मानू. दोघांतील अंतर २.१ फेम्टोमीटरपेक्षा कमी असेल तर आकर्षण, त्यापलीकडे काहीच नाही. मापलेली बंधनऊर्जा मिळण्यासाठी खड्ड्याची खोली सुमारे ३४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घ्यावी लागते. येथे एक सावधगिरी हवी: आपले अंतर हे दोन कणांमधील आहे, केंद्रबिंदूपासूनचे नव्हे. ही गफलत परीक्षेत नेहमी होते आणि त्रिज्येचे उत्तर दुप्पट येते.

तरंगफलनाला या अंतराने गुणून जे फलन मिळते त्याला आपण ‘उ’ म्हणू. एखाद्या अंतरावर कण सापडण्याचा वाटा ‘उ’च्या वर्गाने ठरतो. कांद्याचा बाहेरचा पापुद्रा आतल्यापेक्षा मोठा असतो, तसे दूरच्या कवचाचे आकारमान अधिक असते. अंतराच्या गुणाकाराने ते हिशेबात येते. म्हणूनच घनता अगदी मध्यभागी सर्वाधिक असूनही सर्वांत संभाव्य अंतर शून्य नसून १.८ फेम्टोमीटर आहे. खड्ड्याच्या आत ‘उ’ हे ज्या वक्राप्रमाणे चढते. बाहेर त्याची शेपटी घातांकी रीतीने उतरते आणि दर ४.३२ फेम्टोमीटरला सुमारे ३७ टक्के उरते. हा आकडा केवळ बंधनऊर्जेवरून मिळतो.

आता बेरीज. आतल्या ज्या वक्राची कमाल उंची तूर्त १ धरली तर ‘उ’च्या वर्गाखालील क्षेत्र आत १.१९ आणि बाहेर २.०२ येते, एकूण ३.२१. ही उंची आपणच निवडली असल्याने १.१९ या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. सारे ३.२१ ने भागले की प्रत्येक आकडा बोलू लागतो: आत ३७ टक्के, बाहेर ६३ टक्के.

हा ६३ विद्यार्थ्यांना खटकतो, आणि खटकलाच पाहिजे. खड्ड्याबाहेर बल शून्य आणि एकूण ऊर्जा ऋण. न्यूटनच्या यामिकीनुसार तेथे कणांना पाय ठेवता येत नाही. तरीही अशा असंख्य ड्यूटेरॉनांवर अंतराचे मापन केले, तर शंभरांपैकी सुमारे ६३ वेळा दोन्ही कण एकमेकांच्या बलाच्या टप्प्याबाहेर आढळतील. कण ‘थोडा आत, थोडा बाहेर पसरलेला आहे’ असे म्हणणे सोयीचे असले तरी चुकीचे. अर्धा प्रोटॉन कोणाच्याही उपकरणात सापडलेला नाही.

तरीही स्थिरांक म्हणजे निव्वळ हिशेबाची सोय, असे कोणास वाटेल. त्यासाठी खड्डा अतिशय अरुंद मानून पाहावा. मग ‘उ’ म्हणजे आरंभापासून केवळ शेपटीच. गणित दोन ओळींत संपते. पण तेच ‘उ’ २.१ फेम्टोमीटरच्या बाहेर केवळ ३८ टक्के वाटा ठेवते. शेपटीचा आकार दोन्हीकडे तोच आहे. मात्र अरुंद चित्रात शेपटी आतही चढत राहते आणि वस्तुतः तेथे नसलेला मोठा वाटा आत दाखविते. बेरीज एकच ठेवायची असल्याने बाहेरची उंची दडपली जाते. दोन चित्रांतील उंचीच्या वर्गांत १.६६ पटींचा फरक पडतो.

हा फरक प्रयोगात दिसतो. गॅमा किरणाने ड्यूटेरॉन फुटण्याच्या प्रमाणातील विद्युत भाग प्रामुख्याने या शेपटीच्या उंचीवर अवलंबून असतो. बेथे आणि पायर्ल्स यांनी १९३५ साली मांडलेला सिद्धांत अरुंद खड्ड्याच्या चित्रावर उभा होता. पुढे बलाचा पल्ला जमेस धरल्यावर हा भाग दीडपटीहून अधिक वाढला. शेपटीच्या उंचीचे आज स्वीकारलेले मूल्य आपल्या साध्या खड्ड्याच्या उत्तराच्या अगदी जवळ आहे. हा खड्डा सर्व काही सांगत नाही, हे खरे. ड्यूटेरॉन पूर्ण गोलाकार नाही, किंचित लांबट आहे, आणि त्याचा मागमूसही या चित्रात नाही.

हल्ली प्रश्नपत्रिका काढताना मी ‘स्थिरांक काढा’ या ओळीखाली आणखी एक उपप्रश्न घालतो: खड्ड्याची त्रिज्या १.८ फेम्टोमीटर केली आणि बंधनऊर्जा तीच ठेवली, तर बाहेरचा वाटा वाढेल की घटेल? बहुतेकांना तो घटेल असे वाटते. खड्डा सुमारे ४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका खोल करावा लागतो ना! उत्तर ६७ टक्के येते.