जादुई वास्तववादाचे घटक : ‘एल्सव्हेअर’ ही किशोर कादंबरी

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा जर्मन समीक्षक फ्रान्झ रोह यांनी १९२५ मध्ये चित्रकलेच्या संदर्भात वापरली. पुढे लॅटिन अमेरिकन कादंबऱ्यांमुळे ती साहित्यविचारात रूढ झाली. अद्भुत घटना घडते, परंतु निवेदक तिचे नवल करीत नाही. रोजच्या व्यवहाराइतक्याच सहजतेने ती सांगतो, हे या लेखनपद्धतीचे प्रमुख लक्षण होय. गॅब्रिएल झेव्हिन या अमेरिकन लेखिकेच्या ‘एल्सव्हेअर’ (२००५) या कादंबरीत हे लक्षण कोणते कार्य करते, ते आता पाहू.

पंधरा वर्षांची लिझ सायकलवरून जात असताना टॅक्सीच्या धडकेने मरण पावते आणि एका जहाजातून मृतांच्या प्रदेशात पोहोचते. तेथे घरे आहेत, नोकऱ्या आहेत, चलनही आहे. दुर्बिणीत नाणे टाकले की पृथ्वीवरील आप्त दिसतात. लिझ सुरुवातीला सारे काही सोडून या दुर्बिणीपाशीच बसून राहते. येथे अद्भुताचे प्रयोजन लक्षात घ्या. ‘तिला घरची आठवण येत होती’ या विधानाने जे साधले नसते, ते नाणे टाकण्याच्या या साध्या कृतीने साधते. शोकाला दृश्य रूप मिळते.

या प्रदेशात प्रत्येकाचे वय उलट दिशेने जाते. अर्भक झालेला जीव नदीवाटे पृथ्वीवर परत पाठविला जातो. लिझच्या जन्मापूर्वीच वारलेली तिची आजी त्यामुळे तिला तरुण स्त्रीच्या रूपात भेटते. लिझला मात्र कळते की, आपण आता कधीच मोठ्या होणार नाही. म्हणजे अद्भुतामुळे मृत्यूची हानी पुसली जात नाही, उलट ती अधिक नेमकी जाणवते.

पुनर्जन्माची कल्पना आपल्या परिचयाची आहे. मात्र येथे चित्रगुप्ताची वही नाही. पाप-पुण्याचा हिशेब नाही, स्वर्ग-नरकही नाहीत. म्हणून ‘कोणत्या कर्माचे हे फळ?’ या प्रश्नाऐवजी ‘उरलेले दिवस कसे जगावेत?’ हा प्रश्न कादंबरीच्या केंद्रस्थानी येतो.

तरीही या कादंबरीला सरसकट ‘जादुई वास्तववादी’ म्हणता येईल काय? जादुई वास्तववादात सामान्यतः आपल्या परिचित जगात अद्भुत शिरते. येथे बहुतांश कथानक वेगळ्याच जगात घडते आणि परिचित व्यवहार त्या अद्भुतात शिरतात. रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी अद्भुतिकेला अधिक जवळची आहे. त्यामुळे उत्तर लिहिताना ‘जादुई वास्तववादाचे घटक’ असा शब्दप्रयोग करणे अधिक योग्य ठरेल. केवळ संज्ञा चिकटविण्यापेक्षा तो घटक कलाकृतीत काय साधतो, हे दाखविणे महत्त्वाचे असते.

स्वाध्याय : तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी कथेतील अद्भुत प्रसंग निवडा. तो प्रसंग वगळल्यास कथेचा कोणता अर्थ हरवेल, ते दहा ओळींत स्पष्ट करा.