पोस्टर काढा, डिपॉझिट वाचवा!

परीक्षा संपली, रूम सोडायची वेळ आली. बॅगा भरून झाल्या, पण भिंतीवरच्या पोस्टर्सचं काय? मागच्या वर्षी मी गाडी पकडायच्या गडबडीत ती झटक्यात ओढली आणि पुट्टीसोबत रंगाचा पापुद्राच हातात आला. घरमालक काकांनी डिपॉझिटमधून ५०० रुपये कापले. चूक माझीच होती!

ही च्युइंगमसारखी पुट्टी, म्हणजे आपलं ब्लू टॅक, खिळा न ठोकता पोस्टर, फोटो, टाइमटेबल लावायला भारीच. पुन्हा पुन्हा वापरताही येते. फक्त आधी भिंतीवरून हात फिरवा. बोटांना पांढरी पूड लागली किंवा पोपडे दिसले, तर तिथे लावूच नका. त्यापेक्षा कपाटाचं दार किंवा टाइल्स बेस्ट.

लावताना वाटाण्याएवढी गोळी मळून मऊ करा आणि चारही कोपऱ्यांना दाबा. काढताना कागद ओढायचा नाही. कोपरा अलगद सोडवा, मग पुट्टी बोटाने हळूहळू गुंडाळत काढा. मागे उरलेले कण त्याच गोळीने टिपून घ्या. जुनी पुट्टी कडक झाली असेल, तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या. धुता येणाऱ्या रंगावर तेलकट डाग राहिला, तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडक्याने हलकेच पुसा; आधी एखाद्या कोपऱ्यात ट्राय करा.

आणि हो, हे काम आदल्या रात्रीच उरका. घाईतच भिंतीचा रंग जातो, आणि आपल्या चेहऱ्याचाही!