मद्रासच्या गायतोंडे डॉक्टर

१९९६ साली आमच्या मोहल्ल्यात एक तरुण ट्रक ड्रायव्हर वारला. रोगाचं नाव कुणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मय्यतीला गुस्ल, म्हणजे अखेरची अंघोळ, घालायला माणसं मिळेनात. मीही उंबरठ्याशी उभा राहिलो, आत गेलो नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या मामूंनी आणि धाकट्या भावानं ते केलं. हातमोजे घालून, जखमांची काळजी घेतली की त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे मला फार उशिरा कळलं. मी कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेतच सुटलेलं. त्या उंबरठ्याची टोचणी होती म्हणून या रोगाविषयी वाचू लागलो आणि डॉ. सुनीती सॉलोमन यांचं नाव भेटलं.

सॉलोमन हे सासरचं आडनाव. माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासला चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. एड्स हा परदेशी लोकांचा रोग, आपल्याकडे संस्कार आहेत, असं तेव्हा पेपरांत छापून येई. पुण्यात शेकडो नमुने तपासूनही काही सापडलं नव्हतं. तरी १९८५ च्या अखेरीस बाईंनी निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला.

निर्मला यांना आधी ही कल्पनाच नको होती. मद्रासमध्ये वेश्यावस्तीही नव्हती. मग पकडून आणलेल्या स्त्रियांना ठेवत त्या सुधारगृहात जाऊन त्यांनी रक्त गोळा केलं. हातात मोजे नाहीत. नमुने ठेवायला घरचा फ्रिज. त्या बायकांना मात्र तपासणी कशाची हे सांगितलंच नव्हतं. आजच्या नियमांत ते बसणार नाही, आणि मलाही ते खटकतं. मद्रासला तपासणीची सोय नसल्यानं १९८६ च्या फेब्रुवारीत नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. या तपासणीला एलायझा म्हणतात. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, ती रक्तात असली तर रंग उमटतो. सहा नमुने पिवळे झाले. अमेरिकेतल्या फेरतपासणीनंही तेच सांगितलं. भारतातले हे पहिले नोंदलेले एचआयव्हीबाधित. त्यांत एक मुलगी तेरा वर्षांची होती.

प्रबंध झाला, बातमी झाली. तिथं थांबता आलं असतं. पण हा विषाणू शरीरातल्या पहारेकऱ्यांवर, पांढऱ्या पेशींवरच घाला घालतो. मग क्षयासारखा रोग आत शिरतो आणि माणूस बहुधा अशाच रोगानं जातो. म्हणजे नुसतं निदान करून भागत नाही, माणसाला वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. इस्पितळं दारात उभं करत नव्हती. १९९३ मध्ये बाईंनी वडिलांच्या नावानं चेन्नईत वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. उपचार, सल्ला आणि संशोधन, सगळं एका छपराखाली.

पुढे या केंद्रानं एका मोठ्या प्रयोगात भाग घेतला. पुण्याचं केंद्रही त्यात होतं. नऊ देशांतली १,७६३ जोडपी. जोडीदारांपैकी एकाला लागण, दुसरा निरोगी. प्रकृती ढासळायची वाट न पाहता औषधं लवकर सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं २०११ मध्ये जाहीर झालं. औषधानं रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे गोळी खाणारा स्वतःही जगतो आणि घरच्यांनाही राखतो. मला ही गोष्ट कुठल्याही शोधाइतकी मोठी वाटते.

आपल्या सरकारी इस्पितळांतून ही औषधं मोफत मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. आमच्या ड्रायव्हरला ती आठ वर्षांनी हुकली.

बाई २०१५ मध्ये गेल्या; २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. उतारवयात त्या आणखी एक काम करत: लग्नं जुळवण्याचं. दोघंही बाधित, पण संसार हवा असलेली मुलं-मुली त्यांच्याकडे येत. गरोदरपणी आईला औषधं नीट दिली तर बाळ बहुतेक वेळा निरोगी जन्मतं, हेही त्या समजावत.

त्या ड्रायव्हरची बायको बावीस वर्षांची होती. चाळिसाव्यानंतर ती माहेरी गेली. तिचं रक्त कुणी तपासलं का, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.