काचेखालचा उजेड, काचेवरची पेन्सिल

राहुरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात फेटा बांधलेल्या आजोबांचा कृष्णधवल फोटो भिंतीवर असेल, तर तो जवळ जाऊन बघावा. उन्हातान्हात शेती केलेल्या माणसाचा चेहरा, पण कपाळावर सुरकुती दिसत नाही, डोळ्यांखाली काळं नाही. ही करामत कॅमेऱ्याची नाही. त्या चेहऱ्यावरून कुणाची तरी पेन्सिल फिरलेली असते.

रिटचिंगच्या, म्हणजे निगेटिव्हवर हाताने सुधारणा करण्याच्या, या कामाला हत्यारं थोडीच लागत. उतरतं डेस्क, त्यात दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. निगेटिव्ह काचेवर ठेवायची आणि इमल्शनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी थराच्या, बाजूला रिटचिंगचं मीडियम कापसाने हलकं चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल कठीण, सँडपेपरवर घासून लांब टोक काढलेली. मग दाब न देता बारीक ठिपके, स्वल्पविरामाएवढे फटकारे. निगेटिव्हमध्ये सुरकुती पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती उजळून निघते. जागा गडद करायची असेल तर पात्याने इमल्शन खरवडायचं. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. म्हणजे रिटचर सगळं चित्र उलटं बघत असे, काळ्याचं पांढरं मनातल्या मनात करत.

म्युनिकचे छायाचित्रकार फ्रांत्स हान्फस्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेलं काम मांडलं, तेव्हा ते नवल होतं. पुढे तालुक्याच्या स्टुडिओतही ते रोजचं झालं. मुलीच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोवर तर हात फिरायचाच.

याउलट आज काही चित्रकार स्वतःचा फोटो घेऊन त्यावर उघडपणे रेखाटन करतात आणि मोजक्याच प्रती छापतात. त्याआधीच व्हिएन्नाचे चित्रकार आर्नुल्फ रायनर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस फोटो काढणाऱ्या स्वयंचलित यंत्रासमोर तोंडं वेडीवाकडी केली आणि त्या फोटोंवर रेघा ओढल्या. रायनर यांची रेघ स्वतःला दाखवते, रिटचरची रेघ लपते. मला लपणारी रेघ जास्त अवघड वाटते.

मर्यादित आवृत्तीच्या प्रिंटखाली पेन्सिलने 3/10 (दहातली तिसरी प्रत) असा आकडा आणि चित्रकाराची सही असते. स्टुडिओच्या फोटोमागे शिक्का स्टुडिओचा. रिटचरचं नाव कुठेच नाही. हा अन्याय आता पुरता दूर होणार नाही, पण त्यांचं काम तरी वाचवता येईल. कुणाच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या भंगारात देऊ नयेत. उजेडात तिरक्या धरल्या की शिशाची चकाकी दिसते. काचेच्या असतील तर प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी. आणि इमल्शनच्या बाजूने कापड मुळीच फिरवू नये. धुळीबरोबर पेन्सिलही जाते.