हार्डांगरचे बाप-लेक

मिरजेत सतारी घडताना पाहत मी मोठी झाले, म्हणून कुठलंही तंतुवाद्य दिसलं की माझी नजर आधी तरफा शोधते. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलमध्ये त्या सापडल्या. वरच्या चार तारांवर गज फिरतो; पट्टीखालच्या चार-पाच तारांना कुणी हात लावत नाही, तरी त्या झंकारत राहतात. घोडी व्हायोलिनपेक्षा सपाट, त्यामुळे दोन तारा सहज एकदम वाजतात.

या वाद्याला रूप दिलं ते क्वाम भागातल्या इसाक बोत्नेन (१६६९-१७५९) आणि त्याचा मुलगा त्रोन (१७१३-१७७२) यांनी. स्प्रूसची छाती, मेपलची पाठ, अंगावर टाकाने रेखलेली काळी वेलबुट्टी, पट्टीवर शिंपल्याचं जडावकाम, माथ्याशी कोरलेलं सिंहाचं तोंड. लग्नात वाजणारं वाद्य नटवायलाच हवं, ही हौस मला फार भावते. १९व्या शतकात धर्मजागृतीच्या लाटेत हेच वाद्य सैतानाचं ठरलं. काही फिडली जाळल्याही गेल्या. त्याच शतकात तेलेमार्कच्या एरिक हेलानने तिची घडण व्हायोलिनच्या जवळ नेली आणि आज तीच रूढ आहे. माझा जीव मात्र बोत्नेनांच्या अरुंद, फुगीर घाटावर जडलाय.